घोट्यावरचा पट्टा

टिच्.

खोलीत दुपारची चिडीचूप शांतता होती, म्हणून टिचबटणाचा तो एवढासा आवाजही पंख्याखाली झोपलेल्या चिमीपर्यंत पोचला. तिने कूस बदलली, अंगठा तोंडात घातला आणि पुन्हा गप्प झाली. तिच्या आईने सुटकेचा निःश्वास टाकला. पाच वर्षांची ही पोर उठली असती तर शिवण तिथेच राहिली असती आणि आजोबांचा पाय कुणाच्या ताब्यात यावरून मायलेकींची जुंपली असती.

आजोबा, म्हणजे चिमीच्या आईचे बाबा, स्टुलावर उजवा पाय ठेवून बसले होते, न्हाव्यापुढे मान द्यावी तसे निमूट. घोट्याभोवती तिने नुकताच शिवलेला पट्टा होता.

"आवळतोय का?"

"नाही."

"खरं सांगा हं. गेल्या वर्षी पण नाहीच म्हणाला होतात."

"गेल्या वर्षी पायजम्याची नाडी होती. नाडीला कसली आलीय माया?"

पट्ट्याच्या पोटात एक कप्पा होता आणि कप्प्यात शर्यतवाल्यांनी दिलेली चिप. कोटाच्या बटणाएवढी प्लॅस्टिकची चकती. सगळे लोक ती बुटाच्या नाडीत ओवतात. सुरुवातीच्या आणि शेवटच्या रेषेवर रबरी चटई अंथरलेली असते, चिप तिच्यावरून गेली की यंत्र टिंग करतं आणि माणसाची वेळ यादीत चढते. अडचण एवढीच, की बाबा अनवाणी पळायचे.

चाळीस वर्षं त्यांनी फरश्यांना पॉलिश केलं होतं. घोट्यापर्यंत चिखलपाण्यात उभं राहून यंत्र फिरवायचं, मग पाणी ओसरलं की तळवा सरकवत सगळी खोली पालथी घालायची. कुठे खरखर राहिली, कुठे सांधा वर आला, ते डोळ्यांच्या आधी त्यांच्या पायाला कळायचं. काम कायमचं सुटल्यावर जावयाने बूट आणून दिले. बाबांनी ते एकदा घातले, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले आणि काढून ठेवले. म्हणाले, "यात पाय बहिरे होतात."

बासष्टाव्या वर्षी ते पळायला लागले. कशाला, ते कुणालाच धड कळलं नाही. "रिकामा बसलो की गुडघे कुरकुरतात," एवढंच ते सांगायचे.

दहा किलोमीटरच्या शर्यतीत पहिल्यांदा नाव घातलं तेव्हा चिप हरवू नये म्हणून त्यांनी ती शर्टाच्या खिशात, वर बटण लावून ठेवली. चटईला खिशातलं काही कळलं नाही. दुसऱ्या वर्षी नाडीने घोट्याला बांधली. अर्ध्या वाटेत नाडीने कातडं सोललं, तेव्हा सोडून मुठीत धरली. शेवटी वाकून मूठ चटईपाशी न्यायची, असं पक्कं ठरवूनही ठेवलं होतं. पण रेषा दिसली, लोक टाळ्या वाजवायला लागले, आणि बाबांनी आनंदाने दोन्ही हात उंच केले! चिप चटईच्या सात फूट वरून गेली.

पहिल्या वर्षी यादीत त्यांच्या नावापुढे शेरा होता : सुरुवात केली नाही. दुसऱ्या वर्षी : पूर्ण केली नाही.

"सुरुवातच केली नाही म्हणे," बाबा हसत सांगायचे. "मग दहा किलोमीटर काय झोपेत चाललो?" पण तिसऱ्यांदा तीच गोष्ट सांगताना ते हसायचे थांबले होते, हे तिच्या ध्यानात आलं होतं.

आणि आता पुढच्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "चाला, फिरा, नातीला खांद्यावर घ्या. पळणं मात्र विसरा." म्हणजे ही शेवटची शर्यत. त्या यादीत नाव आणि नावापुढे वेळ, एवढंच बाबांना हवं होतं. तोंडाने बोलले नव्हते. पण फॉर्म भरताना स्वतःचं नाव त्यांनी गिरवून गिरवून लिहिलं, ते तिने पाहिलं होतं.

म्हणून यंदा पट्ट्याचं काम तिने स्वतःकडे घेतलं. लोकांच्या पँटी आखूड करणं, चेन बदलणं, उसवलेलं धरणं हा तिचा रोजचाच धंदा. आत चिमीच्या तान्हेपणीच्या झबल्याचं मऊ कापड घेतलं, शिवण सगळी बाहेरच्या अंगाला. आणि वरून, साडेआठला डांबर तापतं, चिप वितळली-बितळली तर काय घ्या, म्हणून इस्त्रीच्या टेबलावरच्या जुन्या खोळीचा चंदेरी तुकडा लावला. कप्पा चहूबाजूंनी त्याच कापडाने मढवला. इस्त्रीची धग सोसलेलं कापड, त्याला रस्त्याचं काय? पट्टा तिने बादलीत बुडवून पाहिला, पिळून पाहिला, ओढून पाहिला. टाका हलला नाही.

"झकास," बाबा पाय वळवून बघत म्हणाले. "नवरदेव दिसतोय पाय."

---

शर्यतीच्या सकाळी ती चिमीला कडेवर घेऊन शेवटच्या रेषेपाशी कठड्याला चिकटून उभी होती. कमानीवर शर्यत सुटल्यापासूनची वेळ मोजणारं लाल आकड्यांचं घड्याळ. दीड तास झाला की चटई गुंडाळणार होते. जोरात पळणारे कधीच येऊन, केळी खाऊन घरी गेले होते. आता एकेकटे येत होते. पावलं, मग टिंग. पुन्हा शांतता.

"आजोबा कुठायत?"

"येतील."

"हरवले का?"

"गप गं! आजोबा नाही हरवत."

वळणावर आधी पट्टाच दिसला. उन्हात लख्ख. मग बाबा दिसले. उजवा गुडघा दुखत होता, प्रत्येक पावलाला खांदा किंचित खाली जात होता. तिची नजर त्या पायांवर जी खिळली ती हलेना, वर घड्याळाकडेही गेली नाही. डावा, उजवा. डावा, उजवा. खडा टाळला. पट्टा जागच्या जागी होता. चिमी कानात किंचाळत होती, "आजोबाऽऽ! हात खाली! हात खाली!"

बाबांनी हात खालीच ठेवले होते, कवायतीतल्यासारखे दोन्ही बाजूंना चिकटवून. त्यांच्या पुढचे एक जाडे गृहस्थ धापा टाकत चटईवरून गेले. टिंग. मग बाबा आले. चटईवर उजवा पाय त्यांनी मुद्दाम पुरा टेकवला, टाचेपासून अंगठ्यापर्यंत, फरशीची खरखर तपासावी तसा. आणि पलीकडे गेले.

चिमीच्या ओरडण्यात आवाज बुडाला असेल, असं तिने स्वतःला समजावलं. मागून हात धरून दोन मुली आल्या. टिंग, टिंग. चिमी अजून ओरडतच होती, तरी ते दोन्ही स्वच्छ ऐकू आले.

चिपा परत घ्यायच्या टेबलाशी चष्मा लावलेल्या एक बाई बसल्या होत्या. बाबांनी टिचबटण काढून पट्टा अलगद त्यांच्यापुढे ठेवला. बाईंनी तो लहान यंत्रावरून फिरवला. काही नाही. उलटा करून फिरवला. काही नाही. मग कप्प्यातून चिप काढून नुसती धरली. टिंग.

"हे कसलं कापड, ताई?"

"इस्त्रीच्या टेबलाचं. रस्ता तापतो म्हणून..."

बाईंनी चष्मा वर केला. आवाज खाली आणला. "यात धातूचा मुलामा असतो हो. आत असली की चिप मुकी. सुरुवातीला पण लागलेली नाहीये."

तिला वाटलं, जमिनीने पोटात घेतलं तर बरं. इतके टाके, इतकी निगुती. खिशाने दगा दिला, हाताने दिला, यंदा लेकीने.

"बाबा, माझं चुकलं."

बाबा पट्टा उचलून शिवणीवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "अगं, चुकलं कुठे? इतकं जपलंस की मी कुणाला दिसलोच नाही." आणि हसले. हसू डोळ्यांपर्यंत पोचायला मात्र थोडा वेळ लागला.

बाईंनाही राहवेना. "काका, तुम्ही आलात हे मी बघितलंय. यादीत हाताने चढवते. फक्त वेळ टाकल्याशिवाय हा संगणक पुढे जात नाही. घड्याळात किती झाले होते?"

"मी चटईकडे बघत होतो," बाबा म्हणाले.

"बरं, तुमच्या पुढचे गृहस्थ एक तास सत्तावीसला आले, मागच्या मुली एक एकोणतीसला. मधलं अंदाजाने टाकू? कुणाला काय कळतंय!"

बाबांनी मान हलवली. "अंदाजाने नको, बाई. अंदाजाने गुळगुळीत म्हणून फरशी कधी सोडली नाही मी. तिथे तेच राहू दे. सुरुवात केली नाही."

ते कठड्याशी जाऊन बसले आणि पायाच्या बोटांमधली खडी एकेक काढायला लागले. बाईंची बोटं संगणकावर अजून तशीच थांबलेली होती. त्या तिच्याकडे बघत होत्या, अजून काही सापडलं तर, अशा आशेने.

चिमीने आईची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"आई, तू तर सगळा वेळ आजोबांकडेच बघत होतीस. मग सांग ना त्यांना, आजोबा किती वाजता आले?"