पारोशी प्रार्थना

खंडोजीने धर्म बदलला तेव्हा उमाबाई घर सोडून गेली नाही. धारच्या अख्ख्या आळीने ती जाणारच असं धरलं होतं. पण ती म्हणाली, "तुमचा देव तुम्हांला, माझे मला," आणि कोपऱ्यातल्या देवांना फुलं वाहून भाकऱ्या थापायला बसली. ती जायला निघाली पुढे काही महिन्यांनी. कारण ऐकून मात्र लोक चाटच पडले. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून नव्हे, तर सकाळी तो कुठल्याच देवाचं नाव घेत नाही म्हणून ती निघाली होती.

आणि हे खोटं नव्हतं. संस्थानच्या पागेत जमादार असताना खंडोजी उजाडायच्या आत आंघोळ करून सूर्याला पाणी देई, मगच घोड्यांकडे बघे. बाप्तिस्मा घेतला, पागा सुटली, मिशनच्या दवाखान्यातलं एकुलतं एक घोडं सांभाळायचं काम मिळालं, आणि सकाळी हा गृहस्थ उंबऱ्यावर बसून तंबाखू मळू लागला.

"सगळ्या भाऊबंदांशी वैर घेऊन आणलात ना तो देव?" उमाबाई विचारी. "मग सकाळी त्याच्याशी दोन शब्द बोलायला काय होतं?"

"बोलेन," एवढंच खंडोजी म्हणे.

खरी गोम आडावर होती. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता, तळ्यांत नुसता चिखल, आणि आळीला पाणी एका आडाचं. बाप्तिस्म्यानंतर आळीतले वडीलधारे बळवंतराव त्याला बाजूला घेऊन म्हणाले होते, "देखो भिया, बाईंना कोणी अडवणार नाही, त्या आपल्याच. तुम्ही मात्र सगळ्यांचं आटोपल्यावर यायचं. आणि त्यांच्या घागरीतलं पाणी तुमच्या अंगाला लागलं, की त्यांचंही पाणी बंद. समझे?"

सगळ्यांचं आटोपेपर्यंत दुपार होई, आणि उरलेलं पाणी जेमतेम त्या दिवसाला पुरे. कालचा जमादार भर उन्हात एकटा आडात बादली सोडतो, हे बायकोला कुठल्या तोंडाने सांगणार? शिवाय उमाबाई ऐकून गप्प बसणारी नव्हे. भांडायला गेली असती आणि स्वतःचंही पाणी घालवून आली असती. तेव्हा त्याने सांगून टाकलं, आपल्याला हल्ली दुपारचीच आंघोळ मानवते.

मिशनचा उपदेशक विठोबा मास्तर. नाव विठोबाचं आणि सांगणं येशूचं. त्याला स्वतःला त्यात काही वावगं वाटत नसे. तो म्हणे, "सकाळची पहिली वेळ देवाची. रोज बसायचं. मन लागो न लागो, सवय होईपर्यंत बसायचं."

"पण पारोसं? आंघोळीवाचून?"

"अरे, लेकरू काय आंघोळ करून आईकडे धावतं?"

खंडोजीला पटे. पण पटणं वेगळं आणि जीभ उचलणं वेगळं. पारोशा तोंडाने त्याने जन्मात देवाचं नाव घेतलं नव्हतं. डोळे मिटले की स्वतःच्या अंगाचा वास नाकात शिरे, मेल्याहून मेल्यासारखं होई, आणि तो उठून तंबाखूची चंची काढी.

शेवटी उमाबाईने देवासला भावाकडे निरोप धाडला. दत्ताजी गाडी घेऊन आला, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याने बैल जुंपले.

"दाजी, राग मानू नका," दत्ताजी म्हणाला. "अक्काचंच मन उडालं, तो मैं क्या करूं?"

उमाबाई देवांचं गाठोडं घेऊन अंगणात आली. "ख्रिस्ती नवऱ्याबरोबर मी नांदतच होते," ती म्हणाली. "पण आमचे देव सोडलेत, आणि ज्याच्यासाठी सोडलेत त्यालाही विचारत नाही. अशा माणसाची मला भीती वाटते. उद्या मलाही असेच विसराल."

खंडोजी तसाच अंगणात मातीत बसला, हात जोडले आणि मोठ्याने बोलू लागला. हळू बोलला असता तर पुन्हा उठला असता.

"देवा, मी पारोसा आहे. आडावर मला सगळ्यांच्या मागून पाणी घेऊ देतात. हिला सांगायची लाज वाटली. हिच्या घागरीतलं घेतलं तर बळवंतराव हिचंही पाणी तोडणार, म्हणून मागितलं नाही. रोज तुझ्याकडे यावंसं वाटतं आणि रोज शरमेने उठतो. आज ही चालली. वाटेत ऊन फार आहे, हिला सांभाळ. दत्ताजीचा डावा बैल लंगडतोय, त्यालाही सांभाळ." पुढे काय म्हणावं ते सुचेना. "आमेन," तो म्हणाला.

डोळे उघडले तो उमाबाई समोर उभी.

"बळवंतराव असं म्हणाले?"

त्याने मान डोलावली. तिने गाठोडं भावाच्या हातात दिलं, प्रवासासाठी भरलेली घागर गाडीतून उतरवली, आणि सगळ्या आळीच्या देखत त्याच्या डोक्यावर रिकामी केली. समोरच्या दारात बळवंतरावांची बायको तोंडाला पदर लावून बघत राहिली.

"अगं, माझी प्रार्थना झाली!" खंडोजी गुदमरत म्हणाला.

"ठाऊक आहे. हे तुमच्या देवासाठी नाही, आळीसाठी."

दत्ताजीने कपाळाला हात लावला आणि बैल सोडले.

दुसऱ्या दिवशी पहाटे खंडोजी उठला तो चंचीकडे न बघता सरळ चटईवर जाऊन बसला. अंगाचा वास येत होताच. तो बसून राहिला. उमाबाईचंही सकाळचं पाणी आता बंद झालं होतं, तिनेही सगळ्यांच्या मागून यायचं. आंघोळ दुपारी, पूजाही दुपारी. ती घरात दोनदा इकडून तिकडे गेली, रिकामी घागर उचलून पुन्हा ठेवली, आणि त्याच्यामागे येऊन उभी राहिली.

"माझे देव दुपारपर्यंत खोळंबलेत," ती म्हणाली. "तुमच्याला पारोसं चालतं ना? मग सरका जरा."

खंडोजी सरकला.