मुळांना लागलेल्या मातीसकट

झ्लातिना गाडीतून उतरली तेव्हा दोल्नी ब्रेस्तच्या वाचनालयासमोर अर्धं गाव नटूनथटून उभं होतं. पुढे रिवाजाप्रमाणे पाहुणीसाठी पाव आणि मीठ घेतलेल्या मुली, मागे पुठ्ठ्याचा फलक: ‘आमच्या नदीच्या गुरूबाईंचं स्वागत असो’. तो वाचून गुरूबाईंना धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

“या, या! अशा काय वाळलात?” सरपंच स्तोइमेनने तिचा हात दोन्ही हातांत धरून गदागदा हलवला. “शहरात जेवायला घालत नाहीत वाटतं. आज आमच्या बायकांच्या तावडीतून सुटका नाही तुमची.”

झ्लातिनाचं काम तसं साधं होतं. देशात जिथे जिथे लोक नदी पुन्हा मोकळी करत, म्हणजे सिमेंटचे काठ फोडत, बुजवलेली वळणं उकरत, तिथे जाऊन ती हकिगत लिहून आणायची आणि सगळ्यांना वाचता यावी म्हणून आपल्या संस्थेच्या संकेतस्थळावर ठेवायची. काय जमलं तेही, काय फसलं तेही. एकाने खाल्लेली ठेच दुसऱ्याला लागू नये, हे तिचंच वाक्य तिथे पहिल्या पानावर झळकत होतं.

सगळ्यांत गाजली ती तिच्या स्वतःच्या गावच्या रावनेश्का नदीची हकिगत. काठ धरून ठेवायला वाळुंज या नदीकाठच्या झाडाच्या नुसत्या फांद्या न खोचता, जुन्या काठावरची रोपं मुळांना लागलेल्या मातीसकट उचलून लावायची, अशी तिची युक्ती. रोपं हां हां म्हणता लागली. नमुना म्हणून ती हकिगत निवडली गेली, परक्या भाषांत गेली, खाली झ्लातिनाचं नाव. बाई सुखावल्या, आणि का सुखावू नये?

पण पुढच्याच उन्हाळ्यात वाळुंजांमधून जपानी झुडूप वर आलं. पोकळ पेरांचं, बघता बघता डोक्यावर जाणारं. कधीकाळी कुणा हौशी माणसाने बागेच्या शोभेसाठी आणलेलं ते झाड वाळुंजाला गिळतं आणि हिवाळ्यात स्वतः वाळून काठ उघडा टाकतं. मुळीचा नखाएवढा तुकडा राहिला तरी पुन्हा हजर. ते तुकडे त्या मातीतूनच आले होते.

हकिगत दुरुस्त करायला झ्लातिना कितीदा तरी बसली. नेमकं त्याच आठवड्यात कुठून तरी कौतुकाचं पत्र यायचं. मग ती स्वतःची समजूत घालायची, की आधी झुडूप नीट उपटून होऊ दे, मग सगळं एकदम लिहू. उपटून ते कधी झालंच नाही. नदी बघायला पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मात्र ती काठ कापून साफ करून घ्यायची, आणि कापलेले तुकडे नदीतून खाली जायचे. याला साळसूदपणा म्हणतात, दुसरा शब्द नाही.

आणि गेल्या हिवाळ्यात हा स्तोइमेन ट्रॅक्टर घेऊन तिच्या दारात आला. हकिगत वाचून आला होता, रोपं न्यायला. काठ थंडीने बोडका झालेला, झुडपाचा मागमूस नव्हता. “इथून नेऊ ना, बाई? तुम्ही म्हणाल तिथूनच खणतो,” त्याने विचारलं होतं, एकदा नव्हे, दोनदा. त्यातल्या त्यात बरी जागा दाखवून ती म्हणाली होती, “न्या.”

आज ती मनाशी ठरवून आली होती. काठ बघायचा, काही आढळलं तर स्तोइमेनला बाजूला घेऊन हळूच सांगायचं. चारचौघांत नको.

गावच्या ब्रेस्तोव्का नदीच्या काठावर वाळुंजाची रोपं छान तरारली होती. त्यांच्यामधून अंगठ्याएवढे लालसर कोंब ओळीने वर आले होते. कुणीतरी भोवतालचं गवत काढून त्यांना आळी केली होती.

“हे तुमच्या लिखाणात नव्हतं हं!” स्तोइमेन म्हणाला. “मोफत मिळालं की आम्हाला.”

“मीच पहिल्यांदा चाखलं,” गावातली वेलिच्का मावशी पुढे सरसावली. “चुक्यासारखं आंबट लागतं. मग काय, घातलं बानित्सात. चला, गार होतेय.”

झ्लातिनाने स्तोइमेनची बाही धरली, पण तोवर त्याला कुणीतरी टेबलाकडे ओढून नेलं होतं. वाचनालयाच्या अंगणात तिला मधोमध बसवलं गेलं. समोर पापुद्र्यापापुद्र्यांची, चीज घातलेली बानित्सा आणि तिच्यात ते हिरवट तुकडे. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. तिने घास घेतला. चव चांगली होती, तेच वाईट.

“आम्ही एकटेएकटे खाणारे नाही हो,” वेलिच्का मावशी वाढता वाढता म्हणाली. “वरच्या गावाला मुळ्या दिल्या, गिरणीजवळच्यांना दिल्या. मिळालं की वाटायचं, तुमच्याकडूनच शिकलो. आणि या मुळ्या तुमच्या नदीसाठी.” तिने ओल्या फडक्यात बांधलेलं पुडकं झ्लातिनाच्या मांडीवर ठेवलं.

“ते आमच्याच नदीचं आहे, मावशी.”

“म्हणजे?”

मग झ्लातिनाने सांगितलं. बाजूला घेऊन नाही, हळूही नाही. झुडूप काय करतं, मातीतून कसं येतं, सगळं. मुली पावाचं ताट धरून ऐकत होत्या.

“हिवाळ्यात तुम्हाला ठाऊक होतं?” स्तोइमेनने विचारलं.

“हो.”

“मी दोनदा विचारलं होतं.”

“हो.”

त्याने आरडाओरडा केला असता तर तिला सोसलं असतं. तो नुसता आपल्या टोपीकडे बघत राहिला. “पाव-मीठ परत घ्या रे कुणीतरी,” टेबलाच्या टोकाचा एक म्हातारा म्हणाला. कुणी हसलं नाही.

“उपटता येतं का?” वेलिच्का मावशीने विचारलं.

“कोंब लहान आहेत तोवर. खोल खणून, एकही तुकडा न सोडता. आणि मग वर्षानुवर्षं लक्ष ठेवून.”

“मग बसलात काय?” मावशीने एप्रनच्या खिशातून फोन काढला. “वरच्या गावच्या त्रेंदाफिल्काला तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर म्हणेल, हिला दिलेलं परत हवंय. तुमचं लिहिलेलं मात्र ती प्रार्थनेच्या पुस्तकासारखं वाचते.”

“मी आज घरी गेल्या गेल्या हकिगतीत सगळं लिहिते, मावशी, शपथेवर सांगते...”

“ते लिहालच. आधी तोंडाने सांगा.”

फोन लागला होता. “कोण, झ्लातिनाबाई?” पलीकडे आनंदाने किंचाळणंच झालं. “खऱ्याखुऱ्या? अगं बायांनो, कुदळी ठेवा, इकडे या! बाई, आम्ही आत्ता नदीवरच आहोत. तुमच्या मुळ्याच लावतोय. शाळेतली पोरंसुद्धा आलीयेत. बोला, सगळे ऐकताहेत!”

झ्लातिनाने फोन तोंडाजवळ धरला. पलीकडे गलका थांबला. त्रेंदाफिल्का कुणाला तरी दबक्या आवाजात म्हणाली, “गप बसा ग. आणि त्या सांगतील ते लिहून घ्या.”