विरजणाचे ठसे

चकलांब्याच्या सप्ताहात काल्याचं दही सुंदररावांच्या घरचं. हा मान त्यांच्या आईपासूनचा. यंदा मात्र त्यांची धाकटी भावजय कौशल्याबाई म्हणाली, "सासूबाईंच्या हातचं विरजण माझ्याकडंबी हाय. एखांद्या साली आमचं घ्या की."

सुंदररावांची बायको बायनाबाई उसळलीच. "वाटणीत मी तुला विरजण दिलंच न्हाई! मंग चोरलंस तू!"

लेक संस्कृती पुण्याहून सुट्टीला आली होती. प्रयोगशाळेत शिकणारी पोर. "आई, दह्यातल्या जंतूंच्या डीएनएचे ठसे काढता येतात. अंगठ्यासारखे. कोणाचं विरजण कुठल्या घराण्याचं, लगेच कळतं."

"माझ्या दह्यात जंतू?"

"चांगले जंतू गं."

"मंग काढ ठसे. धर चोराला!"

टाळ पुसणाऱ्या सुंदररावांचा हात जागीच थांबला. उन्हाळ्यात बायनाबाई माहेरी गेलती, तवा मांजरानं विरजणाची वाटी चाटून लख्ख केली होती. त्यांनी गुपचूप स्टँडवरच्या हॉटेलातलं दही आणून त्याच वाटीत ओतलं होतं. आता हे फुटलं तर आईचा मान जाणार, तोही त्यांच्याच हातून.

"कावून त्या बारक्या जिवांना तरास?" ते म्हणाले. "पांडुरंगाचीच लेकरं ती."

"तुमी गप बसा."

फोटोच्या रोलच्या तीन डब्या संस्कृतीबरोबर पुण्याला गेल्या. एकीत बायनाबाईंचं दही, दुसरीत कौशल्याबाईंचं. तिसरीत सुंदररावांच्या कड्याला दिलेल्या बहिणीचं, छबुआत्याचं. तिला लग्नात आईनं सगळ्यांदेखत विरजण दिलं होतं, त्यामुळं ते अस्सल.

काल्याच्या आदल्या दिवशी संस्कृतीचा एसटीडी बूथवर फोन आला. काचेबाहेर कौशल्याबाई कान लावून उभी.

"आई, काकूचं नि आत्याचं एकच घराणं. ठशांची पट्टीला पट्टी जुळते."

"बघ! चोरलंच!"

"पण तुझं कोणाशीच जुळत नाही."

बायनाबाईंनी रिसीव्हर ठेवला आणि शेजारी उभ्या नवऱ्याकडं पाहिलं. सुंदररावांनी कीर्तनात हात जोडावेत तसे जोडले.

"मांजर," एवढंच ते बोलले. मग बाकीचं सगळं आपोआप बाहेर पडलं.

दिवेलागणीला बायनाबाई रिकामी वाटी पदराखाली धरून जावेच्या दारात उभी राहिली. कौशल्याबाईनं वाटीकडं पाहिलं, हसू दाबलं.

"चोरीचा माल हाय, आक्का. चालंल का?"

"भर गुमान."

कौशल्याबाई हसत सुटली, मग बायनाबाई पण.

दुसऱ्या दिवशी दोन्ही घरची मडकी एकाच काल्यात रिती झाली. महाराजांनी बोटं चाटली. सुंदररावांनी ओंजळ पुढं केली, तर बायकोनं कोरड्या लाह्या टाकल्या.

"दही?"

"हॉटेलात भेटतंय."