शेजारच्या दाराचा उंबरा

गाडी पिवळी होती. नुसती पिवळी म्हटलं तर गाडीचा अपमान होईल आणि डॉक्टरांचा त्याहून जास्त. पिकलेल्या लिंबावर ऊन पडावं तशी पिवळी. दोन दारं, दोन सीटा, आणि इतकी ठेंगणी की तिच्यात बसता यायचं नाही, विहिरीत उतरावं तसं उतरावं लागायचं. चाळीस वर्षं गावाच्या दाढा उपटून आणि उरलेल्यांवर टोप्या बसवून डॉक्टरांनी दातांचा दवाखाना बंद केला, आणि दुसऱ्याच महिन्यात ही घरी आणली.

त्याला बारा दिवस झाले होते. आज सकाळी ते तिला घेऊन फिल्मवाल्याकडे आले होते. रंगावर एक पारदर्शक फिल्म चढवतात, म्हणजे रस्त्यावरची खडी उडून टवके जात नाहीत, एवढं त्यांना ठाऊक होतं. ती कुठे कुठे चढवायची, हे ठरवायचं होतं. या विचारानं काल त्यांना झोप लागली नव्हती. लग्नाच्या आदल्या रात्री ते घोरत पडले होते, हे त्यांची बायको आजही चारचौघांत सांगते.

बरोबर मेहुणा होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. पण गाडीचा विषय निघाला की तो येतो, आणि आला की त्याला सगळं ठाऊक असतं.

दुकान म्हणजे एक लांबलचक खोली. छताला मधमाश्यांच्या पोळ्यासारखे षटकोनी दिवे, भिंतीवर पाण्याचे फवारे आणि रबरी पट्ट्या ओळीनं टांगलेल्या, फरशी अशी की जेवायला बसावं. आपल्या दवाखान्यापेक्षा हे स्वच्छ आहे, हे डॉक्टरांना जरा लागलंच. फिल्मवाला चाळिशीचा, हडकुळा, मोजून बोलणारा. त्याच्या खालच्या रांगेतले दोन दात एकमेकांवर चढलेले होते. डॉक्टरांनी आधी ते पाहिले, मग माणूस.

"तीन प्रकार आहेत," फिल्मवाला म्हणाला. "एक, फक्त पुढचं. बंपर, आरसे आणि बॉनेटचा पुढचा पट्टा. दोन, पुढचं सगळं, बॉनेट पूर्ण, शिवाय जिथे जिथे हात, पाय आणि खडी लागते तिथे. तीन, नखशिखांत."

"नखशिखांत," मेहुणा म्हणाला. "विचारायचं काय त्यात? पावसात माणूस छत्री अर्धी उघडतो का?"

"एक दात किडला म्हणून बत्तिशीला टोप्या घालत नाहीत," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे पहिला प्रकार लिहू?"

"तसं नाही. ते लोकांच्या दातांबद्दल झालं. ही माझी गाडी आहे."

"पहिल्यात बॉनेटवर एक रेघ राहते. जवळून पाहिली तर दिसते. तिच्यात धूळ धरते."

डॉक्टरांनी बॉनेटकडे पाहिलं. नसलेली रेघ त्यांना तेवढ्यात दिसायला लागली.

"पहिला नको," ते घाईनं म्हणाले.

"मग कुठला, ते मी ठरवत नाही, तुम्हीही ठरवू नका," फिल्मवाला म्हणाला. "गाडी सांगते. बसा बघू आत. आता बाहेर या. पुन्हा बसा."

डॉक्टर तीनदा उतरले आणि तीनदा वर आले. प्रत्येक वेळी त्यांचा हात, गुडघा किंवा बूट जिथे टेकला, तिथे फिल्मवाल्यानं निळ्या कागदी टेपचा एकेक तुकडा चिकटवला. ही त्याची कामाची रीत होती. गिऱ्हाईक काय बोलतं याच्यावर त्याचा विश्वास नव्हता, ते कुठे आपटतं याच्यावर होता. डॉक्टरांना धाप लागली होती आणि फार मजा येत होती.

"शेजारी कोण बसतं?" त्यानं विचारलं.

डॉक्टरांची मजा तिथे थांबली.

दुखणं होतं ते इथेच. येत्या रविवारी नाही, पुढच्या रविवारी, डोंगरातल्या तळ्यापर्यंत दोघांनी जायचं, हे त्यांनी गाडीचा रंग निवडण्याआधीच ठरवून टाकलं होतं. दोघांनी म्हणजे त्यांनी आणि बायकोनं. खरं सांगायचं तर गाडी घेतली होती तीच त्यासाठी, फक्त हे बायकोला सांगायचं राहिलं होतं. बायको तीस वर्षं लायसन्सच्या कचेरीत परीक्षक होती. गावात आज ताठ मानेनं गाडी हाकणारा जवळजवळ प्रत्येक माणूस कधी ना कधी तिला शेजारी बसवून घामाघूम झालेला होता. डॉक्टरांना तिनं तरुणपणी दोनदा नापास केलं, तिसऱ्यांदा पास केलं आणि त्याच वर्षी लग्नाला हो म्हटलं. यांतलं दया म्हणून नेमकं कुठलं, हे विचारायचं धाडस अडतीस वर्षांत त्यांना झालं नव्हतं.

गाडी घरी आली त्या दिवशी तिनं गाडीभोवती एक फेरी मारली. टायर पाहिले, दिवे पाहिले, वाकून खालून पाहिलं. मग "शेजारी मी बसायची नाही," एवढं म्हणून ती आत जाऊन भाजी निवडायला लागली. तिचा नकार कधी फिरलेला डॉक्टरांनी पाहिला नव्हता. तेव्हापासून त्या सीटवर बसली होती ती फक्त बटाट्यांची पिशवी. पट्टा लावा म्हणून गाडी कोकलायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी बटाट्यांना पट्टा लावला होता.

"कुणी नाही," डॉक्टर म्हणाले.

"बटाटे," मेहुणा म्हणाला. "आणि आज मी."

"मग त्या बाजूच्या उंबऱ्याला फिल्म नको," फिल्मवाला म्हणाला. गाडीच्या दाराखालच्या पट्टीला तो उंबरा म्हणायचा. "दाराच्या मुठीमागच्या वाटीलाही नको. उगाच कशाला? लिहू?"

"थांबा जरा."

फिल्मवाला थांबला. तसा तो कामात थांबणारा नव्हता, म्हणून थांबल्या थांबल्या त्यानं हातदिवा पेटवला आणि रंग तपासायला लागला. शेजारच्या बाजूला त्याला मेहुण्याच्या बुटाचा एक ताजा डाग सापडला. त्यानं मेहुण्याकडे पाहिलं, मेहुण्यानं छताकडे. मग तो चालकाच्या दाराशी आला, उकिडवा बसला आणि बराच वेळ उठला नाही.

"डॉक्टर, नखं दाखवा."

डॉक्टरांनी हात पुढे केले. चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात घातलेले हात ते. नखं मुळापर्यंत कापलेली, बोटात अंगठी नाही.

"मग ही कोणाची?"

दाराच्या मुठीमागे बोटं घालायला जी खोलगट वाटी असते, तिच्यात दिव्याच्या तिरप्या उजेडात केसाएवढे ओरखडे चमकत होते. चार बोटांचे चार, आणि त्यांच्या बाजूला अंगठीचा एक.

"आणि हे बघा," फिल्मवाला म्हणाला. "उंबऱ्यावर हा डाग तुमच्या टाचेचा. तुम्ही पाय ओढत नेता. चार बोटं पुढे हा दुसरा. लहान पाऊल आहे, एकदाच, तेही नुसतं टोक लागलंय. हे माणूस गाडीत नीट बसतं."

"चोर," मेहुणा म्हणाला.

"बारा दिवसांत गाडी चोरीला गेलेली नाही," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे चोर नवीन आहे. शिकतोय."

पण डॉक्टरांचं लक्ष नव्हतं. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. गाडीच्या कंपनीला लिहिलेलं तक्रारीचं पत्र होतं ते, आज जाता जाता टाकायचं होतं. त्यांनी ते वाचून दाखवलं. "आपल्या मीटरमध्ये गंभीर दोष आहे. गाडी घरी उभी असताना, मी दुपारी झोपलो असता, ती दर दिवसाआड आठ किलोमीटर चालते. तसेच चालकाची सीट आपोआप पुढे सरकते."

"नेमके आठ?" फिल्मवाल्यानं विचारलं.

"नेमके. साडेसात नाही, नऊ नाही."

"तुम्ही उठता तेव्हा गाडी कशी उभी असते?"

"सरळ. भिंतीला अगदी समांतर." डॉक्टर किंचित लाजले. "मला वाटलं, माझा हात सुधारतोय."

"भावोजी," मेहुणा म्हणाला, "तुमचा हात अडतीस वर्षांत सुधारला नाही, तो झोपेत कसा सुधारेल?"

फिल्मवाल्यानं दिवा विझवला. त्याचा आवाज एकाएकी खाली आला. "कचेरीच्या फाटकातून बाहेर, चौकातून वळसा, टेकडीचा चढ, पुलाखालून परत फाटक. आठ किलोमीटर. परीक्षेचा रस्ता आहे तो. मी तीनदा गेलोय."

"तीनदा?"

"दोनदा नापास."

ते फाटक डॉक्टरांच्या घरासमोरच होतं. कामावर जायला बरं म्हणून घर बायकोनंच तिथे घ्यायला लावलं होतं. डॉक्टरांना आतून अशा काही उकळ्या फुटायला लागल्या की त्यांनी तक्रारीच्या पत्राची घडी घालून ते पुन्हा खिशात ठेवलं, काढलं, आणि पुन्हा ठेवलं. मग फोन केला. "अगं, गाडी चार दिवस इथेच ठेवायचीय. आम्हाला घ्यायला येतेस?"

वीस मिनिटांनी घरातली जुनी गाडी दाराशी आली आणि दोन गाड्यांमधल्या फटीत एका दमात उलटी शिरून उभी राहिली. बायको उतरली. फिल्मवाल्यानं शर्टाची कॉलर नीट केली.

"नमस्कार, मॅडम."

तिनं त्याला निरखून पाहिलं. "तू. चढावर गाडी मागे सोडायचास."

"दोनदाच, मॅडम."

"आता?"

"आता नाही सोडत."

"बरं. काय चाललंय इथे?"

"फिल्म कुठे लावायची ते बघतोय. मॅडम, जरा गाडीत बसून दाखवता?" कुठल्या दारानं, ते त्यानं सांगितलं नाही. तेवढी अक्कल त्याला दोन नापासांत आली होती.

तिनं निळे तुकडे पाहिले. दार पाहिलं, नवऱ्याचा चेहरा पाहिला. मग पर्सचा पट्टा खांद्यावरून काढून तिनं ती भावाच्या हातात दिली, चालकाच्या दाराशी गेली, मुठीत बोटं घातली आणि उंबऱ्याला पाय न लावता आत बसली. सीट पुढे. मधला आरसा. मग दोन्ही बाजूंचे आरसे. पट्टा. दोन्ही हात चाकावर. सगळं इतक्या सरावानं झालं की गाडीच जरा सावरून बसल्यासारखी वाटली.

"अगं, मग मला सांगायचं नाही का?" डॉक्टर म्हणाले.

"काय सांगायचं? तुम्ही तिला कुणाला हात लावू देत होतात का? फडकं लावायच्या आधी फडकंच धुऊन घेत होतात."

"तू म्हणालीस, शेजारी बसायची नाही."

"नाहीच बसायची." ती समोर बघत बोलत होती, जणू रस्ता चालू होता. "तीस वर्षं शेजारच्या सीटवर काढली मी, अहो. लोकांनी मला भिंतीवर नेलं, खांबावर नेलं, एकानं कालव्याच्या काठापर्यंत नेलं. मी आपली वहीत खुणा करत बसले. तेव्हा त्याचा पगार मिळायचा. आता फुकट कोण बसेल? त्या रस्त्यावर एकदा तरी स्वतः गाडी चालवायची होती मला, तीही अशी."

"कशी चालते?" डॉक्टरांनी विचारलं. हे विचारायला त्यांना बारा दिवस कुणी भेटलं नव्हतं.

तिनं पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. "चढावर नुसता पाय टेकवायचा. पाठ सीटला चिकटते. पुलाखालून जाताना असा काही आवाज येतो ना, वळून पुन्हा जावंसं वाटायचं. पण आठाचे दहा व्हायला नकोत म्हणून नाही गेले."

"तळ्यापर्यंत जाऊया?" ते म्हणाले. "पुढच्या रविवारी?"

"जाताना मी चालवणार. येताना तुम्ही."

"जाताना रस्त्यावर खडी आहे."

"म्हणूनच जाताना मी."

फिल्मवाल्यानं अदबीनं वही उघडली. "मॅडम, मग नखशिखांत लावायची का?"

"छपरावर कशाला? छपरावर कोण चालणार आहे? तीस वर्षांत छप्पर ठोकलेला माणूस मी पाहिला नाही. ठोकतात ते पुढचा कोपरा आणि आरसे. खडी लागते ती पुढे आणि चाकांच्या मागे."

"ताई, सगळीकडेच लावा," मेहुणा म्हणाला. "नवी ती नवी राहते."

"तू गप्प बस रे. तुझ्या गाडीच्या सीटवरचं प्लॅस्टिक सात वर्षांत निघालेलं नाही. उन्हाळ्यात तुझ्या गाडीतून उतरायचं म्हणजे पाठ सोलून घ्यायची."

"दुसरा प्रकार," फिल्मवाल्यानं लिहिलं. "चालकाच्या बाजूची वाटी आणि उंबरा, मॅडमच्या मापानं." मग त्याची पेन्सिल थांबली. "शेजारच्या बाजूचं काय करायचं?"

डॉक्टर गाडीला वळसा घालून पलीकडे गेले. बारा दिवसांत त्यांनी ते दार बटाट्यांसाठीच उघडलं होतं. आता त्यांनी ते स्वतःसाठी उघडलं, मुठीमागची वाटी चाचपली, आणि विहिरीत उतरले. एक पाय नीट आत गेला. दुसऱ्याची टाच उंबऱ्यावरून करकर वाजत ओढली गेली. अंगठ्याएवढा लांब, पिवळ्यावर काळा, ठसठशीत ओरखडा.

सगळे त्याच्याकडे बघत राहिले. फिल्मवाल्यानं निळ्या टेपचा एक तुकडा फाडला आणि त्याच्यावर चिकटवला.

"इथे जरा जाड लावा," डॉक्टर आतून म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "मी येत जाईन."

"पट्टा," बायको म्हणाली.

गाडी सुरूही झालेली नव्हती. डॉक्टरांनी पट्टा लावला.