बारा अक्षरांची किल्ली

"आवं हंबीरराव, फोनवर सांगा की! बारा अक्षरं तर हायती. हितं कोण ऐकतंय?" जतच्या दवाखान्यातून महानंदा सिस्टर तिसऱ्यांदा म्हणाल्या.

"न्हाई सांगायचं म्हंजे न्हाई. उद्या मीच येतो." हंबीररावांनी रिसीव्हर आदळला.

शेजारच्या टेबलावर विजयमालाबाईंनी टायपिंग थांबवून कपाळाला हात लावला. बारा अक्षरांसाठी सांगलीहून जतला एसटीनं जायचं!

हंबीरराव रहिमतपूरचे. सतरा वर्षं सैन्याच्या सिग्नलमध्ये काढून ते सांगलीच्या या हॉस्पिटलात रिपोर्ट पाठवायच्या कामाला लागले होते. त्या वर्षी, नव्याण्णव साली, पुण्याच्या एका इंजिनिअरनं हॉस्पिटलात आणि त्याचीच शाखा असलेल्या जतच्या दवाखान्यात एकेक राउटर बसवला. रिपोर्ट इथून निघताना गुप्त लिपीत जाणार, तिथं पोचल्यावरच वाचता येणार. मधल्या वाटेला तो 'टनेल' म्हणायचा. अट एकच, दोन्हीकडं तंतोतंत तीच किल्ली टाकायची. ती चिठ्ठीवर खरडून तो पुण्याला गेला. सांगलीतली किल्ली हंबीररावांनी टाकली. जतची राहिली होती.

दुसऱ्या दिवशी अकराला ते जतला उतरले. चिठ्ठी तळहातानं झाकून त्यांनी दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर एकेक अक्षर दाबलं. पडद्यावर उत्तर आलं, किल्ली जुळत नाही. पुन्हा टाकली. जुळत नाही. मग वीज गेली. वीज आली तर फोनची लाइन गेली. दीड वाजेपर्यंत नऊ वेळा टाकून झाली.

"ह्या डबड्याच्या तर..." ते चरफडले. "हिमालयात बर्फात उभा राहून लाइन जोडलीया मी! आन् हितं पंख्याखाली बसून जुळंना!"

"दावा की ती चिठ्ठी," सिस्टर म्हणाल्या.

"न्हाई."

"मी काय गावभर वाचून दावणार हाय व्हय?"

हंबीररावांनी मान खाली घातली. "साळूबाईचा कागद मीच धाडला हुता, सिस्टर."

साळूबाई जतजवळच्या वस्तीवर मेंढरं राखायची. आदल्या वर्षी दवाखान्यात फॅक्स नव्हता, रिपोर्ट एका एसटीडी बूथवरच्या फॅक्सवर येत. तिचा एड्सचा रिपोर्ट बूथवरच्या लोकांनी आधी वाचला. दोन दिवसांत पाण्याच्या टँकरपाशी तिची घागर कुणी जवळ येऊ देईना. आठवड्यानं ती सीमेपलीकडं कर्नाटकात माहेरी निघून गेली.

"कागद आणाय मीच गेलते," सिस्टर म्हणाल्या. "रजिस्टर भरत बसले, अर्धा तास उशीर झाला. पोचले तवा चौघंजण वाचत हुते. रोज आठवतंय मला."

हंबीररावांनी तळहात उचलला आणि चिठ्ठी त्यांच्यापुढं सरकवली.

सिस्टरांनी ती डोळ्यांजवळ धरली. "ह्यो सातवा काय हाय? शून्य?"

"शून्यच की."

"मला तर इंग्रजी ओ वाटतोय."

हंबीररावांचा चेहरा उतरला. सांगलीला त्यांनीही तो ओ म्हणूनच वाचला होता, हे आता आठवलं. इथं शून्य दाबत बसले होते. सैन्यात शून्याला तिरकी काट मारायची शिस्त सतरा वर्षं पाळली, नवख्यांना त्यावरून शिव्या घातल्या, आणि आज हे! त्यांनी किल्ली पुन्हा टाकली, सातव्या जागी ओ दाबला.

टनेल जुळला.

त्यांनी सांगलीला फोन लावला. "विजयमालाबाई, धाडा पहिला रिपोर्ट."

"झालं एकदाचं? डॉक्टर सकाळपासून विचारतायत, एवढा वेळ का लागला."

"सांगा त्यांना, माझी चूक हुती."

पाच मिनिटांनी पडद्यावर ओळी उमटू लागल्या. महानंदा सिस्टरांनी बाहेर बाकावर बसलेल्या एका तरुण बाईला हाक मारली. ती पदर सावरत आत आली, हंबीररावांना पाहून दारातच थबकली.

सिस्टर त्यांच्याकडं वळल्या. "तुमी बी भाईर थांबा आता."

पडद्यावरचं नाव न बघता हंबीरराव उठले आणि ओसरीवर आले. मागं सिस्टरांनी आतून कडी लावली.