उदयसिंहचं मानपत्र

जोतीराम गुरुजींनी पुस्तकांचा ढीग बाजूला सारला आणि तळाशी दडवलेलं पत्र काढलं. ते येऊन महिना झाला होता. उत्तर दिलं नव्हतं.

'विश्रामबागेतल्या आपल्या कुस्ती केंद्राला दहा वर्षं होत आहेत,' जुन्या विद्यार्थ्याने, उदयसिंहने लिहिलं होतं. 'त्या निमित्ताने माझा सत्कार आहे, त्याचं मानपत्र आपणच लिहावं. आपला मजकूर तपासायची आमची लायकी नाही. आला तसा छापून सभेत वाचू.'

उंब्रजच्या आसपास कुणाचाही सत्कार असो, मानपत्र गुरुजीच लिहीत. चारचौघांत त्यांना धड दोन वाक्यं बोलता येत नसत.

समोर खाटेवर त्यांची सतरा वर्षांची नात उत्कर्षा बसली होती. अर्ध्या तासात ताटलीतला आमटी-भात फक्त या कडेचा त्या कडेला गेला होता. उदयसिंहच्या केंद्रात ती दोन वर्षं होती. मॅटवर चक्कर येऊन पडली, तेव्हा तिला घरी आणलं. हा खाण्याचा आजार आहे, बरं व्हायला वेळ लागेल, असं डॉक्टर म्हणाले. त्याआधी सुट्टीला आली की ती सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी सगळे उपवास धरायची, आणि नात किती देवभोळी आहे हे गुरुजी आळीभर सांगत फिरायचे.

"वस्तादांचं पत्र हाय न्हवं, आबा?"

"हो. नको म्हणून कळवावं म्हणतो."

"मग दुसरं कुणीतरी लिवंल. लय ग्वाड."

गुरुजींनी चष्मा पुसला. मग पुन्हा पुसला.

"तिथं काय व्हायचं, सांगशील?"

"सोमवारी सगळ्यांम्होरं वजन. जास्त भरलं की त्या दिवशी आपलं ताट आपण पालथं घालायचं. सूरज उलट्या काढायचा, तर वस्ताद त्याला म्होरं उभं करून म्हणायचे, ह्याच्याकडनं शिका. मला म्हशे म्हणायचे. ये म्हशे, चढ काट्यावर."

गुरुजींनी पेनाचं टोपण काढलं.

'आपण दर सोमवारी मुलामुलींना सर्वांसमक्ष तोललंत. ज्यांचं वजन अधिक, त्यांची ताटं आपल्या आज्ञेने पालथी पडली. उलट्या करणाऱ्या मुलाला आपण आदर्श ठरवलंत. सतरा वर्षांच्या मुलीस आपण म्हैस ही पदवी दिलीत.'

मानपत्राची रीत त्यांनी कुठेच मोडली नाही. त्यांनी सगळं मोठ्याने वाचून दाखवलं.

"तुझं नाव घालू?"

"घाला की. न्हाईतर म्हातारा थापा मारतोय म्हणतील. सूरजचं नगा घालू, त्याला इचारल्याबिगर." तिने ताटली खाली ठेवली. "पर वस्तादांनी आधीच वाचलं तर?"

"तो शाळेतसुद्धा धडा वाचून यायचा नाही."

"आन सभेत त्यांच्याम्होरं वाचतील?"

"तो हार घालून बसलेला असताना."

"मग जरा सावकाश वाचा म्हणावं."

गुरुजींनी नाव घातलं. पण पेन तिथेच अडलं. बऱ्याच वेळाने त्यांनी आणखी एक वाक्य लिहिलं, आणि हे मात्र वाचून दाखवलं नाही: 'या मुलीच्या उपाशीपणाला भक्ती समजून जो गावभर मिरवत राहिला, त्या तिच्या आजोबाचाही आपल्या कार्यास हातभार लागला.'

खाली सवयीने 'आपले, समस्त ग्रामस्थ' असं लिहून झालं. मानपत्रावर लिहिणाऱ्याचं नाव कधी नसतं. गुरुजींनी ती ओळ खोडली, नवा कागद घेऊन सगळं पुन्हा उतरवलं आणि शेवटी स्वतःचं पूर्ण नाव व पत्ता घातला.

पोस्टात खिडकीशी भाऊसो होता. त्याने पाकीट हातात घेऊन पत्ता वाचला.

"आवं गुरुजी, मानपत्र दिसतंय. कुणाचा सत्कार ह्या वक्ताला?"

"दोघांचा," गुरुजी म्हणाले, आणि पावतीसाठी हात पुढे केला.