कोबीच्या वाफ्यातली सहा डोकी

घड्याळजींनी घड्याळदुरुस्तीचं दुकान मुलीच्या हवाली केलं आणि घरामागे कोबी लावला. रोपं सहाच, पण काळजी साठांची. गड्डे चांगले नारळाएवढे झाले आणि नेमकं ऊन तापलं. सकाळी दिलेलं पाणी दुपारपर्यंत गायब. मातीवर काहीतरी पसरलं तर ओल टिकेल, यावर नवरा-बायकोचं एकमत होतं. भांडण होतं ते काय पसरायचं यावर.

"वाळका पाला," बायको म्हणाली. "कुंपणापाशी ढीग पडलाय."

"पाल्यात गोगलगायी लपतात. त्यापेक्षा भुसा आणतो."

"आणि वाऱ्याने तो माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर?"

तेवढ्यात मेव्हणा दोन पोती घेऊन आला. त्याचं केशकर्तनालय होतं.

"भावोजी, केस! ओल धरतात, गोगलगायींना टोचतात, शिवाय कुजले की खत. घ्या, माझ्याकडे रोज पडतात."

घड्याळजींच्या स्वतःच्या डोक्यावर वीस वर्षांत एक केस उगवला नव्हता. दोन पोती भरून केस पाहून ते हळवेच झाले.

त्यांनी आधी वाफा भिजवला. प्रत्येक देठाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडली, नाहीतर देठ कुजतो. मग डोळ्याला भिंग लावून, चिमट्याने केस पसरले. शेवटी वरून कंगवा फिरवला.

"लग्नाला एकतीस वर्षं झाली," बायको म्हणाली, "तुमच्या हातात कंगवा आज पाहिला."

दुपारी वारा सुटला. केस उडाले आणि थेट गड्ड्यांवर जाऊन बसले.

संध्याकाळी शेजारची नर्स कपडे काढायला गच्चीवर गेली. खाली पाहते तर गळ्यापर्यंत पुरलेली सहा माणसं, एका ओळीत! एकाचा तर भांगही पाडलेला. तिने पोलिसांना फोन केला आणि कठड्यावरून ओरडली, "घाबरू नका! श्वास घेत राहा!"

हवालदार धावत आला. टोपी काढून पहिल्या डोक्यापाशी गुडघ्यांवर बसला.

"मी आलोय. नाव सांगता येईल?"

त्याने कान जवळ नेला.

"नाडी बघा!" वरून नर्स.

"हात मातीत आहेत बाई, नाडी कुठे बघू?"

"मग गालावर हलकेच थापटा!"

हवालदाराने थापटलं. "गाल फारच गार आहे हो," तो रडवेल्या आवाजात म्हणाला आणि डोकं सावरायला गेला. तर सगळे केस त्याच्या हातात आले. हवालदार जागीच मागे बसला, तो दुसऱ्या माणसावर.

आरडाओरडा ऐकून घड्याळजी चहाचा कप घेऊनच बाहेर आले.

"अहो, उठा! माझा गड्डा!"

बायकोने भावाला बोलावून घेतलं. त्याने पोलिसी चौकशीला शांतपणे तोंड दिलं.

"साहेब, हे कुणा एकाचे नाहीत, चाळीस गिऱ्हाइकांचे आहेत. हा कुरळा पुंजका बँकेतल्या कॅशियरचा. आणि हा कलप लावलेला तुमचाच, मंगळवारचा."

हवालदाराने घाईघाईने टोपी घातली. "हे कागदावर यायला नको," तो म्हणाला, आणि तक्रार तिथल्या तिथे निकालात निघाली.

दुसऱ्या दिवशी बायकोने केस खताच्या खड्ड्यात पुरले आणि वाफ्यावर वीतभर वाळका पाला अंथरला. अर्ध्या तासात काम झालं. गोगलगायी आल्या, पण चारच.

बसलेला गड्डा सोडून बाकीचे मजेत वाढले. त्यातला सर्वांत मोठा घड्याळजी नर्सला देऊन आले. तिने एकेक पान सोलून, दिव्यापुढे धरून, तीनदा धुतलं. तासाभराने हाती नुसता देठ उरला. तिने त्याचीही नाडी पाहिली म्हणतात.